पीयूसी आणि बदल केलेलं इंजिन: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. गाडीत काही ना काही बदल केला आणि आता पीयूसी होत नाही. उत्तरांआधी मर्यादांचे आकडे एकदाच देतो. भारत स्टेज, म्हणजे बीएस, ४ आणि ६ या मानकांच्या पेट्रोल मोटारीला आयडलवर, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता, कार्बन मोनॉक्साईड, म्हणजे सीओ, ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन, म्हणजे एचसी, २०० पीपीएमपर्यंत चालतो. शिवाय २५०० आरपीएमच्या आसपास रेस धरून सीओ ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण (१ म्हणजे नेमकं, १ च्या वर म्हणजे हवा जास्त), ०.९७ ते १.०३ यायला हवा. बीएस २ आणि ३ ला सीओ ०.५ टक्के व एचसी ७५०. त्याआधीच्या मोटारींना ३ टक्के व १५००. डिझेलच्या धुराची घनता मोजतात: बीएस ४ पूर्वीच्या गाडीला २.४५, बीएस ४ ला १.६२ आणि बीएस ६ ला ०.७ प्रति मीटर.

आपली गाडी कोणत्या मानकाची, हे खरेदीच्या वर्षावरून ठरवू नका. बीएस ४ मुंबई-पुण्यात २०१० मध्ये आलं, देशभर १ एप्रिल २०१७ पासून. मधल्या वर्षांत शेजारीशेजारी विकलेल्या दोन गाड्यांची मानकं वेगळी असू शकतात. आरसीच्या नोंदीत जे आहे तेच केंद्राच्या संगणकावर उमटतं आणि त्यावरच निकाल लागतो.

प्रश्न: २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. रिमॅप केलं (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलली), कमी अडथळ्याचा फ्री-फ्लो सायलेन्सर आणि कोन फिल्टर बसवला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा भाग, कंपनीचाच आहे. सीओ ०.०४, एचसी ६०, सगळं छान. पण लॅम्डा १.०६ आला म्हणून नापास. ट्यूनर म्हणतो मॅप बरोबर आहे, सायलेन्सरवाला म्हणतो काम पक्कं आहे. नेमकं कोणाकडे जावं? (इंदिरानगर)

उत्तर: आधी सायलेन्सरवाल्याकडे. केंद्राच्या यंत्रावर सीओ आणि एचसीसोबत कार्बन डायऑक्साईड आणि ऑक्सिजनचे आकडेही येतात, ते मागून घ्या. लॅम्डा हा काही वेगळ्या सेन्सरने मोजलेला आकडा नाही, या चार वायूंवरून गणिताने काढलेला आहे. लॅम्डा १.०६ म्हणजे तुमचा ऑक्सिजन १.२ टक्क्यांच्या आसपास असणार आणि कार्बन डायऑक्साईड १४ च्या थोडा वर. चांगल्या गाडीत गरम झाल्यावर ऑक्सिजन ०.३ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साईड १५ च्या आसपास असतो. तुमचा सीओ इतका कमी आहे म्हणजे कन्व्हर्टर काम करतोय आणि मिश्रणही जवळपास बरोबर आहे. जास्तीची हवा इंजिनात जात नाहीये, ती सायलेन्सरच्या पाईपात शिरतेय.

धूर बाहेर येतो तर हवा आत कशी शिरेल, असं वाटेल. एक्झॉस्टमध्ये दाब सारखा नसतो. प्रत्येक ठोक्यामागे क्षणभर ओढ निर्माण होते आणि सैल जोडातून बाहेरची हवा आत येते. फ्री-फ्लोमध्ये आतला अडथळा कमी असल्याने ही ओढ जास्त जाणवते. शोधायचं असं: गाडी पूर्ण थंड असताना सुरू करा, मदतनीसाला जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड काही सेकंद दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक फ्लँज, वेल्डिंग आणि क्लॅम्पवर साबणाचं पाणी मारा. फेस उठला की गळती सापडली. फ्लँजची गॅस्केट एकदा उघडली की नवीनच टाकायची, जुनी पुन्हा बसत नाही. नुसत्या क्लॅम्पवर बसवलेला जोड असेल तर तिथे पूर्ण गोल वेल्डिंग करून घ्या.

दुसरी शक्यता अगदी साधी आहे आणि तीच बऱ्याचदा निघते. वायू ओढणारी तपासणीची नळी, म्हणजे प्रोब, पाईपात किमान ३०० मिलिमीटर आत जायला हवा. फ्री-फ्लोचं टोक रुंद आणि आखूड असतं, आत जाळी किंवा वळण असतं, प्रोब चार बोटं जाऊन अडतो आणि बाहेरची हवा मोजतो. गाडी न्यायच्या आधी घरी एक सळई घालून बघा किती आत जाते. जात नसेल तर त्याच व्यासाचा फूटभर पाईप टोकाला घट्ट बसवून न्या.

दोन्ही ठीक असेल तर मग ट्यूनर. स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधनात सतत करत असलेली दुरुस्ती, बघा. शून्याच्या पाच टक्के खाली-वर असेल तर चांगलं. आयडलवर अधिक बारा-पंधरा आणि रेस वाढवल्यावर कमी होत असेल, तर इनटेक मॅनिफोल्ड कुठेतरी हवा घेतोय. कोन फिल्टर बसवताना ब्रीदरची नळी मोकळी सोडलेली असते, तिथे पहिल्यांदा बघा. आणि ट्यूनरला स्पष्ट विचारा: आयडल आणि हलक्या रेसला मॅप क्लोज्ड लूपमध्येच, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बघून इंधन ठरवणाराच, ठेवलाय ना? ताकद लागते पूर्ण थ्रॉटलला. तिथे तो हवं ते करो, पण खालच्या रेंजमध्ये ऑक्सिजन सेन्सरची दोरी कापायचं काहीच कारण नाही.

प्रश्न: टर्बो पेट्रोल, बीएस ४. पिकअपसाठी कॅट-कॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून सरळ पाईप टाकला. आयडलला सीओ ०.६, एचसी २९०. मिश्रण बारीक करून (इंधन कमी करून) किंवा टाकीत काही औषध टाकून पास होईल का? एक एजंट गाडी न नेताही काम करून देतो म्हणाला. (कॉलेज रोड)

उत्तर: नाही होणार, आणि कारण समजून घ्या. निरोगी पेट्रोल इंजिन लॅम्डा १ वर चालताना त्याच्या पोर्टमधूनच साधारण अर्धा ते पाऊण टक्का सीओ बाहेर पडतो. तुमचा ०.६ आहे, म्हणजे इंजिन उत्तम आहे! त्याचा ०.२ करणं हे कन्व्हर्टरचंच काम. मिश्रण बारीक केलंत तर सीओ उतरेल, पण लॅम्डा १.०३ च्या पुढे जाईल. जाड केलंत तर लॅम्डा सावरेल, सीओ चढेल. दोन्ही आकडे एकाच वेळी मागितले आहेत ते हीच पळवाट बंद व्हावी म्हणून. इंधनातली औषधं फार तर इंजेक्टर स्वच्छ करतील.

तेव्हा कन्व्हर्टर परत बसवा. काढलेला मूळ भाग गॅरेजमधून मागून घेतला होता का? त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो, म्हणून तो 'टाकून दिला' असं सांगितलं जातं. मूळ मिळाला तर तोच सर्वांत चांगला. नाही मिळाला आणि बाजारातला घ्यायचा झाला, तर इंजिनच्या सीसीला पुरेल असा घ्या आणि मूळ जागीच, टर्बोच्या लगत बसवा. सायलेन्सरजवळ मागे बसवला तर तो २५० ते ३०० अंशांपर्यंत तापतच नाही आणि तोवर काम सुरू करत नाही. पुढचा ऑक्सिजन सेन्सर कन्व्हर्टरच्या आधी आणि मागचा नंतर, हा क्रम राहिला पाहिजे. मागच्या सेन्सरखाली स्पेसर घालून डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा विझवता येतो, हवा स्वच्छ होत नाही.

तपासणीआधी वीस मिनिटं गाडी चालवा. गंगापूर रोडच्या सिग्नलांवर रेंगाळत नेऊ नका. महामार्गाला लागून तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये रेसवर चालवा आणि केंद्रावर रांग असली तरी इंजिन बंद करू नका.

एजंटचं सांगणं ऐकू नका. नोंद पोर्टलवर गाडीच्या फोटोसह होते, आणि गाडी न नेता काढलेला दाखला हा खोटा कागद आहे. रस्त्यावर अधिकाऱ्याने पुन्हा मोजायला लावलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. दंडाचं सोडा, शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिलेल्या गाडीचा सीओ मुलांच्या नाकाच्या उंचीवर सुटतो, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न: स्कॉर्पिओ, बीएस ४ डिझेल. रिमॅपनंतर ओढ जबरदस्त, पण ॲक्सिलेटर दाबला की काळा ढग. तपासणीत २.१० आलं. ट्यूनर म्हणतो रिमॅप म्हटलं की धूर येणारच. (सिन्नर)

उत्तर: येणारच असं नाही. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, म्हणजे तुमचे पैसे. ताकद वाढवलेलं डिझेल इंजिनही १.६२ च्या बरंच खाली चालतं, फक्त डिझेलच्या मापात हवा मिळायला हवी.

तपासणी कशी होते ते बघा. गाडी न्यूट्रलमध्ये, पेडल एका झटक्यात तळाला दाबायचं, इंजिन गव्हर्नरच्या कमाल फेऱ्यांना पोचलं की सोडायचं. आधी दोन-तीनदा असंच करून पाईपातली काजळी उडवायची आणि मग सलग रीडिंग घेऊन त्यांची सरासरी. त्या पहिल्या क्षणाला टर्बो फिरायला लागलेलाच नसतो. म्हणून कंपनीच्या मॅपमध्ये धूर-मर्यादा असते: एअर फ्लो सेन्सर सांगेल तेवढ्याच हवेपुरतं डिझेल सोडायचं. स्वस्तातल्या रिमॅपमध्ये पहिली हीच मर्यादा उचलली जाते, कारण त्याने पेडलला लगेच झटका जाणवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. ट्यूनरकडून ती मर्यादा कमी फेऱ्यांपुरती मूळ आकड्यांवर आणून घ्या. १८०० आरपीएमच्या वर टर्बोचा दाब भरल्यावर डिझेल वाढवलं तर ओढ राहते आणि ढग जातो.

पण ट्यूनरकडे जाण्याआधी यांत्रिक बाजू तपासा, नाहीतर मॅप दोषी नसताना बदलला जाईल. क्रम असा ठेवा. एअर फिल्टर नवा टाका. तेल लावायचा कापडी फिल्टर असेल तर काढा, त्याचं तेल सेन्सरच्या तारेवर बसतं आणि रीडिंग चुकतं. मग इंटरकूलरचे होज. दाब वाढवल्यावर मूळ क्लॅम्प सरकतात. जोडाशी तेलाचा ओलसर डाग दिसला की तिथून हवा सुटतेय. इंजिनात मोजलेली हवा वाटेत गळाली की डिझेल तेवढंच, हवा कमी, आणि काळा धूर. त्यानंतर ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप: काजळीने अर्धा उघडा अडकला असेल तर साफ करा. तो बंद करून टाकण्याचा सल्ला मिळेल. धूर कमी दिसेलही, पण नायट्रोजनचे ऑक्साईड वाढतात आणि तो बदल बेकायदा आहे. शेवटी इंजेक्टरची लीक-ऑफ चाचणी: चारही परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा, इंजिन काही मिनिटं चालवा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल आलं तर तो इंजेक्टर आधी दुरुस्त करा.

न्यायच्या दिवशी इंजिन ऑईल पातळीला आहे ना आणि टायमिंग ड्राइव्ह कितीव्या किलोमीटरला बदलली ते बघून जा. कमाल रेस चार-सहा वेळा धरायची असते. थकलेला बेल्ट किंवा सैल चेन तिथेच दगा देते, आणि मग पीयूसीऐवजी हेडचं काम निघतं. सिन्नरहून नाशिककडे येताना तिसऱ्या गिअरमध्ये २५०० ते ३००० आरपीएमवर पंधरा-वीस किलोमीटर चालवलंत तर सायलेन्सरमधली जुनी काजळी वाटेतच निघून जाईल. गावात हळू फिरवलेल्या डिझेलचं रीडिंग नेहमी वाढीव येतं.

बीएस ६ डिझेलवाल्यांसाठी एवढंच: डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) पोकळ करून ०.७ मध्ये बसणं विसरा.

प्रश्न: बाहेरून सीएनजी किट बसवलं, आरसीवर अजून चढवलेलं नाही. गाडी बीएस ४. पीयूसीत एचसी ४२० दाखवून नापास केलं. किटवाला म्हणतो इतका असतोच. (पाथर्डी फाटा)

उत्तर: किटवाला काही अंशी बरोबर आहे. सीएनजी म्हणजे मुख्यत्वे मिथेन, आणि न जळलेला मिथेन कन्व्हर्टर फारसा जाळू शकत नाही. म्हणून नियमातच सवलत आहे: सीएनजीवर मोजलेल्या एचसीला ०.३ ने गुणायचं आणि तो आकडा मर्यादेशी ताडायचा. तुमचे ४२० होतात १२६, म्हणजे पास. एलपीजीसाठी हाच गुणक ०.५ आहे. पण आरसीवर इंधन 'पेट्रोल' असेल तर संगणक ४२० ची तुलना थेट २०० शी करणार. तुमचा दोष गाडीत नाही, कागदात आहे.

किटची नोंद पेठ रोडच्या आरटीओत करून घ्या. किट त्या गाडीच्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं हवं आणि किट बनवणाऱ्याने अधिकृत केलेल्या केंद्रातच बसवलेलं हवं. त्यांचं प्रमाणपत्र, सिलिंडरचं प्रमाणपत्र, विमा आणि कर्ज असेल तर बँकेची संमती लागते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी, तिची पट्टी नसेल तर पंपावर गॅस भरून देत नाहीत आणि ते योग्यच आहे.

तरीही ४२० थोडा कमी करता येईल. सीएनजीला ठिणगी जोरदार लागते. प्लग नवे टाका आणि गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा, इग्निशन कॉइलला तडा नाही ना ते अंधारात बघा, टॅपेट क्लिअरन्स मोजा. सीएनजीवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, क्लिअरन्स कमी होतो आणि व्हॉल्व्ह नीट बसत नाही. किटचं ट्यूनिंग करताना पेट्रोलवरचे आणि गॅसवरचे ट्रिम जवळजवळ सारखे यायला हवेत. गॅसवर चुकीचा मॅप राहिला तर ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोलचंही गणित बिघडवून ठेवतो.

प्रश्न: जुन्या एमएम ५४० जीपचं प्यूजो इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं डीआय डिझेल टाकलंय. धूर अजिबात नाही. पीयूसी झालं की इंजिनबदल कायदेशीर होईल ना? (त्र्यंबकेश्वर)

उत्तर: नाही. पीयूसी फक्त धूर मोजतं. इंजिनबदलाचा प्रश्न मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो: बदलाआधी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी, आणि मंजुरीशिवाय इंजिन बदललं गेलं असेल तर १४ दिवसांत कळवणं. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. बेकायदा बदलाला कलम १८२अ(४) मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडापेक्षा मोठी जोखीम विम्याची आहे. अपघातानंतर आरसीवरचा इंजिन नंबर जुळला नाही तर दावा अडकतो.

इंजिनाचं खरेदी बिल, ज्या गाडीचं ते होतं तिची आरसी किंवा ती रद्द झाल्याचा कागद आणि जीपची सगळी कागदपत्रं घेऊन आरटीओत मोटार वाहन निरीक्षकांना लेखी विचारा. मंजुरी मिळाली तर आरसीवर नवा नंबर चढेल. नाही मिळाली तर मूळ जातीचं इंजिन परत बसवणं हाच मार्ग. म्हणून कोणालाही आमचं सांगणं आहे की जुनं इंजिन मंजुरीचा निकाल लागेपर्यंत विकू नका.

प्रश्न: १९९७ ची मारुती ८००, मुंबईहून आणली. तिथल्या मेकॅनिकने झेनचा कार्बोरेटर बसवून ट्यून केला होता. मुंबईत पास होत होती, इथे सीओ ३.४. (नाशिकरोड)

उत्तर: नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर वर आहे. हवा पाच-सहा टक्के विरळ, त्यामुळे कार्बोरेटरचं मिश्रण इथे साधारण तीन टक्के जाड होतं. तुमची मर्यादा ३ आहे, म्हणजे थोडंच उतरवायचंय.

एअर फिल्टर बदला, चोकची पट्टी गरम इंजिनवर पूर्ण उघडते का ते बघा, फ्लोटची पातळी तपासा, प्लग आणि टायमिंग ठीक करा आणि मगच स्क्रूला हात लावा. आयडल ९०० च्या आसपास ठेवा. मिक्श्चर स्क्रू घड्याळाच्या दिशेने पाव-पाव फेरा आत घ्या. इंजिन अडखळायला लागलं की अर्धा फेरा मागे. शक्यतो प्रोब लावलेला असताना करा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबून आकडा स्थिर होऊ द्या. मेन जेट बदलू नका, आयडलशी त्याचा संबंध नाही. सीओ २ ते २.५ ला आणून थांबा. आणखी बारीक केलंत तर ठोका चुकून एचसी १५०० च्या वर उडी मारेल. आता पंपावर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमध्ये इथेनॉलचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण आधीच बारीक होतं, त्यामुळे जुन्या सवयीने फार आवळू नये. कार्बोरेटरचे डायफ्राम आणि रबरी नळ्या मात्र इथेनॉलला टिकणाऱ्या टाका.

प्रश्न: मोटारीचं सदर आहे, तरी विचारतो. आरएक्स १००, पोर्टिंग आणि एक्स्पान्शन चेंबर. एचसी ९८००. (पंचवटी)

उत्तर: ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला सीओ ४.५ टक्के आणि एचसी ९००० ची मर्यादा आहे, म्हणजे थोडेच वर आहात. चेंबरमध्ये साचलेलं तेल तापून एचसी वाढवतं. तो उघडून साफ करा आणि केंद्रावर जाण्याआधी आठ-दहा किलोमीटर रेसवर पळवा. ऑटोल्यूब पंपाच्या खुणा जुळवा, बहुतेकांनी भीतीपोटी केबल ओढून तेल वाढवून ठेवलेलं असतं. रीडची पाती नखाएवढीही उघडी राहत असतील तर बदला. स्क्रूची दिशा लक्षात ठेवा: मारुतीच्या उलट, इथला स्क्रू हवेचा आहे, आत घेतलात तर मिश्रण जाड होईल. दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात करा आणि पाव फेऱ्याने बाहेरच जा.